वाचकांचे प्रश्न : संग्रहालयाला अनुदान हवे, पण नोंदवही कुठे आहे?

छोट्या वस्तुसंग्रहालयांना आणि इतिहास मंडळांना अनुदान कसे मिळते, अशी विचारणा करणारी बरीच पत्रे नागपूर व परिसरातून आली आहेत. विदर्भातील अशाच एका मंडळाचे हिशेब आणि पत्रव्यवहार मी अनेक वर्षे सांभाळत असल्याने हा विषय माझ्या जवळचा आहे. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमचे मंडळ नागपूरच्या महाल भागात दोन खोल्यांत आहे. भोसलेकालीन मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), काही नाणी आणि जुनी छायाचित्रे असा आमचा संग्रह आहे. केंद्र सरकार खासगी संस्थांच्या संग्रहालयांनाही अनुदान देते, असे ऐकतो. आम्हाला ते मिळेल काय आणि सुरुवात कुठून करावी? — कार्यवाह, महाल

उत्तर : मिळू शकते. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची संग्रहालय अनुदान योजना राज्य सरकारे आणि स्थानिक स्वराज्य संस्थांप्रमाणेच नोंदणीकृत संस्थांना व विश्वस्त मंडळांनाही खुली आहे. नवे संग्रहालय उभारणे, असलेल्याचा विकास करणे आणि संग्रहाचे डिजिटलीकरण करणे ही कामे तिच्यात बसतात. आपल्याकडील संस्थांच्या बाबतीत खर्चाचा जास्तीत जास्त 80 टक्के भाग केंद्र देते आणि उरलेला 20 टक्के संस्थेने उभा करायचा असतो. अटी आणि रकमेच्या मर्यादा वेळोवेळी बदलत असल्याने अर्जापूर्वी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरील चालू मसुदा अवश्य वाचावा. 50 लाखांचा प्रस्ताव करताना सभासदांच्या डोळ्यांसमोर 40 लाखच असतात. आपण उभे करायचे 10 लाख कोणाच्या खिशातून येणार, हे सर्वसाधारण सभेत आधी ठरवा आणि त्यानंतरच प्रस्तावाचा आकडा लिहा.

आता सुरुवातीविषयी. आपल्याकडील बहुतेक मंडळे 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशी दोन्हीकडे नोंदलेली असतात. आपल्या मंडळाचा शेड्यूल वनचा, म्हणजे विश्वस्त संस्थांच्या नोंदवहीचा, उतारा धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून आजच काढा आणि त्यावरील विश्वस्तांची नावे वाचा. ज्या मंडळाचे काम मी पाहतो, त्याच्या उताऱ्यावर दिवंगत झालेल्या दोन विश्वस्तांची नावे तशीच राहिली होती. निवडणुका वेळेवर झाल्या होत्या आणि ठरावही होते, पण बदल अर्ज दाखल करण्याचे कोणालाच सुचले नव्हते. प्रस्तावावर सही करणाऱ्या अध्यक्षांचे नाव उताऱ्यात नाही, एवढ्या एका त्रुटीसाठी आमचे ते वर्ष वाया गेले. असा बदल 90 दिवसांच्या आत कळवायचा असतो. राहिला असेल तर विलंब माफीच्या विनंतीसह तो आता तरी दाखल करावा. यासोबत मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील नोंदणी क्रमांक तयार ठेवावा, कारण केंद्राच्या अनुदानासाठी तो लागतोच.

मात्र हे सारे कागद पूर्ण असूनही ज्या एका गोष्टीवाचून प्रस्ताव लंगडा पडतो, ती म्हणजे वस्तूंची नोंदवही. आपल्या पत्रात ‘काही नाणी’ असे शब्द आहेत. अनुदान देणाऱ्याला किती नाणी, कोणत्या धातूची, किती ग्रॅमची, किती मिलिमीटर व्यासाची, कोणी दिलेली, कोणत्या तारखेला आलेली आणि सध्या कोणत्या कपाटात असलेली, हे हवे असते. रुमालांचेही तसेच आहे. ‘मोडी कागद, जुने’ ही नोंद नव्हे. रुमालाला क्रमांक, रुमालातील प्रत्येक कागदाला क्रमांक, कागदाची लांबी-रुंदी, तारीख लागत असल्यास ती, विषय एका ओळीत, आणि स्थिती : फाटलेला, कसर लागलेला, शाई उतरलेला. हा क्रमांक कागदाच्या मागे कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने घालावा. बॉलपेन वापरू नये आणि चिकटपट्टीही लावू नये, कारण चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते आणि काढताना अक्षरे घेऊन निघते. मोडी वाचणारे कोणी मंडळात नसेल, तर राज्याच्या पुराभिलेख विभागाच्या नागपूर कार्यालयात चौकशी करावी. नाणी आणि मूर्तींच्या नोंदींसाठी पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या येथील अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपणा सर्वांचा अजब बंगला, याच संचालनालयाकडे आहे. 1863 मध्ये सुरू झालेल्या त्या संग्रहालयातील एखादी वस्तू कुठून आली हे आज सांगता येते, ते कोणीतरी त्या वेळी वहीत लिहून ठेवले म्हणून.

आणखी एक सुचवतो. आपला संग्रह मुख्यतः कागदांचा आहे. तेव्हा संग्रहालय योजनेचे दार ठोठावण्याआधी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची हस्तलिखिते व दुर्मीळ ग्रंथांच्या जतनासाठीची साहाय्य योजना पाहा. तसेच 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या ज्ञान भारतम् मोहिमेकडेही लक्ष ठेवा, कारण एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन हा तिचा उद्देश आहे. दोन खोल्यांच्या मंडळाला काचेच्या दालनांपेक्षा कागद वाचवण्याची निकड अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : नागपुरात मोठ्या कंपन्यांची मुख्यालये आहेत. त्यांच्या सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) निधीतून इतिहास मंडळाला मदत मिळते काय? — एक विश्वस्त, धरमपेठ

उत्तर : कायद्यात त्याला पूर्ण वाव आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. सातव्या अनुसूचीत त्यासाठी जी कामे दिली आहेत, त्यांत राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती यांचे जतन आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंचा जीर्णोद्धार यांचा उल्लेख आहे. कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा म्हणतो. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉईल या दोन्ही सार्वजनिक कंपन्यांची मुख्यालये नागपुरातच आहेत. आपल्या संस्थेला मात्र आयकर सवलतीच्या नोंदण्या, सीएसआर-1 हा अर्ज भरून मिळणारा क्रमांक आणि अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो.

कंपनीकडे जाताना ‘संग्रहालयासाठी मदत करावी’ असे मोघम पत्र नेऊ नये. शाळा, दवाखाने आणि पाणीपुरवठा यांचे प्रस्ताव त्याच टेबलावर असतात आणि त्यांची निकड कोणालाही पटते. ‘दोन हजार मोडी कागदांचे छायांकन, आठ महिने, दोन प्रशिक्षित तरुणांचे मानधन, इतका खर्च’ असा सुटा, मोजता येणारा प्रस्ताव ठेवला, तर अधिकाऱ्याला तो वरिष्ठांपुढे मांडता येतो.

प्रश्न : शेतात नांगरताना निघालेली नाणी व मूर्तींचे तुकडे आमचे विद्यार्थी आणून देतात. त्यांचे शालेय संग्रहालय करून अनुदान मागता येईल काय? — एक शिक्षक, रामटेक परिसर

उत्तर : आपली तळमळ समजते. आपला परिसर प्राचीन वाकाटक राजांचा आहे. नगरधन आणि मनसर येथील उत्खननांनी तेथील मातीत काय दडले आहे ते दाखवून दिले आहे. पण म्हणूनच आधी कायदा पाहावा लागेल. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, 10 रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास सापडणाऱ्याने ती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायची असते. ही 10 रुपयांची मर्यादा 1878 ची आहे, हे ध्यानात घेतले की जवळजवळ प्रत्येक नाणे तिच्यात येते हे लक्षात येईल. शिवाय 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे 100 वर्षांहून जुन्या मूर्तींची नोंदणी करावी लागते. ज्या वस्तूंवर शाळेची मालकी सिद्ध होत नाही, त्यांच्यासाठी अनुदान मागणे म्हणजे स्वतःहून अडचणीत जाणे होय. तहसील कार्यालयामार्फत लेखी कळवा, पोच घ्या, पुरातत्त्व विभागाला पाहणीसाठी बोलवा. मुलांना मात्र वस्तू उचलून न आणता ती सापडली त्या जागेचा गट क्रमांक, खोली आणि छायाचित्र टिपायला शिकवा. जागेवेगळ्या झालेल्या नाण्याची निम्मी माहिती मातीतच राहते.

प्रश्न : आम्हाला मिळालेल्या केंद्रीय अनुदानाच्या पहिल्या हप्त्यावर बँकेत व्याज जमा झाले आहे. त्यातून वीजबिल भरले तर चालेल काय? आणि स्वतःच्या 50 हजारांत जतनाचे काय करता येईल? — कोषाध्यक्ष, नागपूर

उत्तर : चालणार नाही. 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार अनुदानावरील व्याज सरकारकडे परत भरावे लागते. अनुदानाचे खाते वेगळे ठेवा. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, 12-ए या नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांच्या आत द्या. ते थकले तर पुढचा हप्ता येत नाही. अनुदानातून घेतलेले कपाटसुद्धा पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. वीजबिल व शिपायाचा पगार हा सभासद वर्गणीतून आणि कायम ठेवीच्या व्याजातूनच भागवावा लागतो.

50 हजारांत बरेच होते. सर्वप्रथम कागदांच्या खोलीतला कूलर काढा. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की आपण वाचकांसाठी कूलर लावतो. त्या दमट हवेने कोरड्या पडलेल्या कागदांना बुरशी धरते आणि पावसाळ्यात ती वाढते. वाचकांना दुसऱ्या खोलीत बसवावे. कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढावीत, म्हणजे वाळवीची माती वेळीच दिसेल. त्यानंतर आम्लरहित कागदाच्या पेट्या घ्याव्यात आणि जुने, विटलेले रुमाल बदलण्यासाठी कोरे मांजरपाट आणावे. ते कापड वापरण्यापूर्वी दोन-तीन वेळा साध्या पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढावी आणि उन्हात कडक वाळवावे, कारण कसर प्रथम खळीला लागते आणि मग कागदाला.