गोल टाकीत किती लिटर पाणी मावतं, हे कसं काढायचं?

फोंड्याला घरामागे सिमेंटची गोल टाकी आहे, टँकर मागवण्याआधी तिची क्षमता हवी, असं तुम्ही विचारलंय. सोपं आहे. आतला व्यास सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या उंचीने गुणा आणि 1273 ने भागा. उत्तर थेट लिटरमध्ये. (हा 1273 म्हणजे घनफळाचं πr²h हेच सूत्र, 4000 भागिले π.)

व्यास मोजायला आत उतरू नका. बाहेरून टेप गुंडाळा. परीघ 377 सेंमी भरला, तर भागिले 3.14, म्हणजे बाहेरचा व्यास 120. आता भिंतीची जाडी दोन्हीकडून वजा करायची, हेच लोक विसरतात! 5 सेंमी भिंत असेल तर आतला व्यास 110. उंचीही काठापर्यंत नाही, ओव्हरफ्लोच्या पायपापर्यंतच धरा; ती 120 असेल तर 110 × 110 × 120 ÷ 1273 = साधारण 1140 लिटर. भिंत वजा केली नाही तर 1357 येतात, दोनशेहून जास्त लिटर नुसते कागदावर.

या मापाच्या टाकीत काठी बुडवून पाहिलीत तर ओल्या भागाचा दर सेंटिमीटर म्हणजे साडेनऊ लिटर. चिऱ्याच्या गोल विहिरीलाही हाच हिशेब लागतो, फक्त खाली ती अरुंद होत नसेल तर.