मधमाशीचा दंश : सूज किती आली यापेक्षा ती कुठवर गेली हे पाहा

प्रश्न : सांगोला तालुक्यात आमची डाळिंबाची बाग असून फुलोऱ्याच्या दिवसांत परागीभवनासाठी आम्ही मधपेट्या भाड्याने आणून ठेवतो. माझे यजमान ४६ वर्षांचे आहेत. त्यांना यापूर्वी अनेकदा मधमाश्या चावल्या आहेत. थोडी सूज येई आणि उतरे. गेल्या महिन्यात मात्र मानेवर एकच माशी चावली आणि थोड्याच वेळात तळहातांना व तळपायांना खाज सुटली, अंगभर पित्त उठले, आवाज घोगरा झाला, उलटी झाली आणि उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली. गावातील डॉक्टरांनी इंजेक्शन आणि सलाइन दिल्यावर ते सावरले. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की अंगातील उष्णतेमुळे असे झाले, आणखी दोन-चार वेळा चावली की सवय होईल. यजमान रक्तदाबाची गोळी घेतात. पुन्हा माशी चावली तर काय करावे, आणि घरात कोणते औषध ठेवावे?

उत्तर : आपण लक्षणे ज्या क्रमाने लिहिली आहेत, तो क्रम पाहता ही उष्णता नव्हे. याला अ‍ॅनाफायलॅक्सिस म्हणतात. म्हणजे एका जागी टोचल्या गेलेल्या विषाला सर्व शरीराने दिलेली तीव्र अ‍ॅलर्जिक प्रतिक्रिया. यापूर्वीच्या एखाद्या दंशानंतर त्यांच्या शरीराने मधमाशीच्या विषाविरुद्ध एका विशिष्ट प्रकारची प्रतिद्रव्ये तयार करून ठेवली असणार. पुढच्या दंशाच्या वेळी विष या प्रतिद्रव्यांना भिडते, त्वचेत, श्वसनमार्गात आणि आतड्यांत असलेल्या पेशींमधून हिस्टामिन व इतर द्रव्ये एकदम बाहेर पडतात, रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्तातील पाण्याचा मोठा भाग आसपासच्या ऊतींमध्ये झिरपतो. पित्त उठणे, घसा सुजणे आणि उभे राहताच अंधारी येणे ही तिन्ही लक्षणे या एकाच घडामोडीची आहेत. म्हणूनच आधी अनेकदा काहीच झाले नव्हते, यावरून पुढेही काही होणार नाही असे मानता येत नाही.

सवयीबद्दल घरातील मंडळी म्हणतात ते निखालस खोटे नाही. वर्षाकाठी शेकडो दंश सोसणाऱ्या मधपाळांमध्ये विषाची सहनशीलता बहुधा निर्माण होते. उलट ज्यांना वर्षातून मोजकेच दंश होतात, त्यांच्यात अ‍ॅलर्जीचे प्रमाण अधिक आढळते. परंतु ज्याला एकदा सर्वांगाची प्रतिक्रिया आली आहे, त्याने सवय होण्याची वाट पाहत पुन्हा माश्यांपुढे उभे राहणे म्हणजे जिवाशी खेळणे आहे. अशा प्रौढ व्यक्तीला पुढील दंशाच्या वेळी पुन्हा तशीच प्रतिक्रिया येण्याची शक्यता साधारण ३० ते ६० टक्के मानली जाते.

आता दवाखान्यात कधी न्यावे याविषयी. दंशाच्या जागी आग होणे, लाली येणे आणि सूज येणे ही विषाची नेहमीची क्रिया असते. एखाद्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत सुजला, तरीही ती प्रतिक्रिया स्थानिकच समजली जाते. पाहायचे असते ते दंशापासून दूर काय घडते आहे याकडे. मानेवर दंश झाला असता पोटावर किंवा मांड्यांवर पित्त उठले, ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बदलला, गिळताना त्रास होऊ लागला, छातीत घरघर सुरू झाली, पोटात कळा येऊन उलटी किंवा जुलाब झाले, चक्कर आली, माणूस पांढराफटक पडला किंवा ‘मला काहीतरी होतेय’ असे घाबरून म्हणू लागला, तर एका मिनिटाचाही विचार न करता मदत मागवावी. कीटकदंशाच्या काही रुग्णांमध्ये अंगावर एकही गांधी न उठता रक्तदाब थेट कोसळतो, त्यामुळे पित्त दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. तोंडाच्या आत किंवा घशात दंश झाला असेल, तर अ‍ॅलर्जी नसतानाही सुजेने श्वास अडू शकतो. उसाच्या रसाच्या किंवा शीतपेयाच्या पेल्यात पडलेली माशी तोंडात जाऊन असे प्रसंग घडतात.

या प्रसंगी वेळ किती असतो, हे कळले तर घाई का करायची ते समजेल. ब्रिटनमधील मृत्यूंच्या एका प्रसिद्ध अभ्यासात कीटकदंशाच्या अ‍ॅनाफायलॅक्सिसमध्ये दंशापासून हृदय किंवा श्वास बंद पडेपर्यंतचा मध्यक काळ १५ मिनिटांचा आढळला होता. एवढ्या अवधीत अ‍ॅलर्जीची गोळी पोटातून रक्तात उतरून काम सुरू करीलच याची शाश्वती नसते, आणि उतरली तरी ती खाज व पित्त कमी करते, सुजलेला घसा किंवा कोसळलेला रक्तदाब सावरत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाचा परिणाम दिसायला काही तास लागतात. तरीही आपल्याकडे अनेक ठिकाणी आधी अ‍ॅलर्जीचे व स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊन ‘पाहू या’ म्हटले जाते, याचे मला नेहमी वाईट वाटते. पहिले औषध एकच, ते म्हणजे अ‍ॅड्रेनॅलिन. ते मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायचे असते. प्रमाण वजनानुसार किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम आणि प्रौढाला जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम असते. आराम पडला नाही तर ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा देता येते. त्याची अँप्युल (काचेची छोटी कुपी) स्वस्त असून कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात ती असायला हवी. आपल्या गावातील डॉक्टरांनी त्या दिवशी नेमके कोणते इंजेक्शन दिले, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे, कारण पुढच्या डॉक्टरांना ते कळणे आवश्यक आहे.

मदत येईपर्यंत रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच करावेत. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर टेकून बसवावे, पण पाय सरळ लांब ठेवावेत. गरोदर स्त्रीला डाव्या कुशीवर वळवावे. बरे वाटते म्हणून उठून उभे राहणे किंवा दुचाकीवर मधे बसून दवाखान्यात जाणे यातला धोका लोकांना ठाऊक नसतो. रक्तदाब कोसळलेला असताना रुग्ण अचानक उभा राहिला, तर हृदयाकडे परतणारे रक्त इतके घटते की तो तिथल्या तिथे दगावू शकतो. म्हणून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा चारचाकीच्या मागच्या आसनावर आडवे करून न्यावे. लक्षणे ओसरल्यावरही काही तास रुग्णालयातच थांबावे, कारण थोड्या रुग्णांमध्ये नवा दंश न होताही काही तासांनी तीच लक्षणे पुन्हा उद्भवतात. ‘दोन तासांत सावरले’ म्हणजे लगेच घरी न्यायला हरकत नाही, असे नसते.

घरात औषध ठेवण्याविषयी सांगायचे तर, अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांजवळ अ‍ॅड्रेनॅलिनचे तयार पेन दिसते, तसे आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही. त्यामुळे येथील अ‍ॅलर्जीतज्ज्ञ अँप्युल आणि सिरिंज लिहून देतात आणि ती कशी भरावी, मांडीत कशी टोचावी हे रुग्णाला व घरातील दुसऱ्या एका माणसाला समक्ष शिकवतात. हे शिकून घेतल्याशिवाय औषध नुसते कपाटात ठेवण्यात अर्थ नाही. ते उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नये, प्रकाशापासून जपावे आणि मुदत संपण्यापूर्वी बदलावे. इंजेक्शन टोचून घेतले तरीही रुग्णालयात जायचेच असते.

रक्तदाबाच्या गोळीचे नाव पत्रात नाही, पण ती महत्त्वाची बाब आहे. बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्यांमुळे अ‍ॅड्रेनॅलिनचा परिणाम मंदावू शकतो, आणि इतर काही गोळ्यांबाबतही तज्ज्ञांना विचार करावा लागतो. ती गोळी मनाने बंद करू नये. चिठ्ठी घेऊन तज्ज्ञांकडे जावे. दंशानंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी त्वचेची व रक्ताची तपासणी करून ही अ‍ॅलर्जी मधमाशीची आहे का हे ठरवता येते. तशी ती ठरली, तर व्हेनम इम्युनोथेरपी हा उपचार असतो. त्यात शुद्ध केलेले विष अगदी अल्प प्रमाणापासून वाढवत नेऊन तीन ते पाच वर्षे टोचले जाते, आणि उपचार पूर्ण केलेल्या बहुतेकांना पुढील दंशात सर्वांगाची प्रतिक्रिया येत नाही. हा उपचार भारतात सर्वत्र मिळत नाही. मोठ्या शहरातील अ‍ॅलर्जी विभागात चौकशी करावी लागेल. तोवर पेट्या उघडण्याचे आणि हलवण्याचे काम यजमानांनी करू नये, आणि फुलोऱ्याच्या काळात बागेत एकट्याने जाऊ नये.

प्रश्न : आमचा पुण्यातील गिर्यारोहकांचा गट आहे. मागील हिवाळ्यात एका गडावर आग्या मोहोळ उठले आणि काही सदस्यांना प्रत्येकी वीस-तीस दंश झाले. अशा वेळी नेमके काय करावे?

उत्तर : सह्याद्रीच्या कड्यांना लटकणारी आग्या माशी आपल्या पोळ्याचे रक्षण हजारोंच्या संख्येने करते. एका माशीने दंश केला की नांगीतून एक वासाचे द्रव्य सुटते, जे पिकलेल्या केळ्यासारखा वास देते आणि इतर माश्यांना त्याच जागी ओढून आणते. त्यामुळे हात झटकत उभे राहण्याने हल्ला वाढतो. नाक, तोंड आणि डोळे कपड्याने झाकून पोळ्यापासून दूर जावे, परंतु कड्याच्या बाजूला आंधळेपणाने धावू नये, कारण घाबरून पळताना दरीत पडण्याचा धोका दंशाइतकाच खरा आहे. पाण्याच्या टाक्यात उडी मारू नये; माश्या वर घिरट्या घालत राहतात. आणि ज्यांनी दगड मारला, धूर केला किंवा मोहोळाखाली चूल पेटवली, त्यांच्याबद्दल मला काही लिहावेसे वाटत नाही.

सुरक्षित जागी पोहोचल्यावर त्वचेत रुतलेल्या नांग्या लगेच काढाव्यात. नखाने ओढावी की पत्त्याने खरवडावी यावर वाद घालण्यापेक्षा ती झटपट काढणे महत्त्वाचे आहे, कारण मधमाशीची नांगी विषाच्या पिशवीसह मागे राहते आणि अर्ध्या मिनिटाच्या आत बहुतेक विष आत उतरते. गांधीलमाशीची नांगी मात्र रुतून राहत नाही आणि ती पुन्हा पुन्हा टोचू शकते. बोटातील अंगठी, कडे लगोलग काढावे, जागा धुवून बर्फाने शेकावी. चुना, माती किंवा लोखंड घासण्याने काही साधत नाही. माती लावली तर जखमेत जंतू जातात, तेवढे मात्र होते.

पुष्कळ दंश झाल्यावर अ‍ॅलर्जी नसतानाही निव्वळ विषाच्या मात्रेने त्रास होतो. पन्नासाहून अधिक दंश झालेल्या प्रत्येकाला, आणि मुले, वृद्ध व हृदयविकाराचे रुग्ण यांना त्याहून कमी दंश झाले तरी, रुग्णालयात निरीक्षणाखाली ठेवावे. विषामुळे स्नायूंच्या आणि रक्ताच्या पेशी फुटतात आणि त्यांचा भार मूत्रपिंडांवर पडतो. चहाच्या रंगाची लघवी होणे किंवा लघवी कमी होणे हे त्याचे लक्षण एक-दोन दिवसांनीही दिसू शकते. गडावरून खाली आल्यावर सर्व जण हसत-खेळत जेवले, एवढ्यावरून समाधान मानू नये. ज्याला अ‍ॅनाफायलॅक्सिस होत आहे, त्याला चालवत उतरवू नये. आडवे ठेवून मदत वर आणावी आणि गटातील कोणाकडे डॉक्टरांनी लिहून दिलेले अ‍ॅड्रेनॅलिन आहे हे चढाईपूर्वीच सर्वांना ठाऊक असावे.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीला बोटावर गांधीलमाशी चावली. दुसऱ्या दिवशी पूर्ण हात लाल होऊन टम्म सुजला. प्रतिजैविक सुरू करावे का, आणि ही अ‍ॅलर्जी धोक्याची आहे का?

उत्तर : दंशाची सूज पहिल्या एक-दोन दिवसांत वाढते आणि पाच ते दहा दिवसांत उतरते. इतक्या लवकर आलेली लाली बहुधा जंतुसंसर्गाची नसते, म्हणून प्रतिजैविकाची गरज नसते. ताप आला, सूज तीन-चार दिवसांनंतरही वाढत राहिली किंवा पू दिसला, तर डॉक्टरांना दाखवावे. अशी मोठी स्थानिक सूज येणाऱ्यांपैकी पुढे सर्वांगाची प्रतिक्रिया येण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्केच असते. हात उंच ठेवणे, थंड शेक देणे आणि डॉक्टरांनी सांगितलेले खाजेचे औषध देणे पुरेसे आहे.

प्रश्न : रात्री अंधारात काहीतरी चावते आणि ते काय होते हे दिसत नाही. अशा वेळी कीटकाची अ‍ॅलर्जी समजून उपचार घ्यावा का? (एक वाचक, रायगड जिल्हा)

उत्तर : आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण कोकणातील लाल विंचवाचा दंश अ‍ॅलर्जी नसून विषबाधा असते. त्यात दंशाच्या जागी सूज फारशी नसताना तीव्र वेदना होतात, दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात आणि पुढे फुप्फुसांत पाणी भरू शकते. महाडमध्ये अशा रुग्णांवर प्रदीर्घ काम करून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखणाऱ्या प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा आधीच पूर आलेला असतो, त्यामुळे अ‍ॅलर्जी आणि विंचूदंश या दोन्ही प्रसंगांतील उपचार परस्परांच्या विरुद्ध दिशेचे ठरतात. म्हणून दंश किती वाजता झाला, अंगभर पित्त उठले का, घाम किती आला आणि हातपाय गरम होते की गार, हे रुग्णाला आणणाऱ्या माणसाने डॉक्टरांना सांगावे. निदान त्यावरूनच होते. साप चावल्याची शंका असेल, तर कसलाही घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे.