प्रश्न विचारणारा मुलगा दूर गेलेला नसतो

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा अकरावीत, दृढीकरण (लहानपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी आपला विश्वास स्वतः जाहीर करायचा चर्चचा विधी) तोंडावर आलंय आणि तो म्हणतो, "मला उपासनेला यायचं नाही." कॉलेजात मित्रांनी "तुम्ही लोक मराठी कसं काय बोलता?" विचारल्यापासून गळ्यातला क्रूस कपाटात गेलाय. बळजबरी करावी की सोडून द्यावं, असं तुम्ही विचारलंय. मी नागपुरातच बावीस वर्षं शाब्बाथ शाळा (चर्चमधला मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग) आणि तरुण संघात काम केलं, त्यातून सांगते.

आधी माझी चूक. चौदा वर्षांच्या एका मुलाची आजी गेली. चर्चच्या सगळ्या मंडळीने तिच्यासाठी प्रार्थना केली होती. वर्गात त्याने विचारलं, "देवाने ऐकलं का नाही?" मी म्हटलं, "असे प्रश्न विचारायचे नसतात, विश्वास ठेवायचा." तो गप्प बसला. त्यानंतर महिनाभर आला, मग आलाच नाही. त्याने देव सोडला असं आम्ही म्हणत राहिलो. खरं म्हणजे विचारायची जागा मीच बंद केली होती.

पुढे एका गुड फ्रायडेला हे मला लख्ख कळलं. आपल्या नागपुरात त्या दिवशी बारा ते तीनची उपासना म्हणजे काय असतं, तुम्हाला माहीतच आहे. बाहेर ऊन रणरणतंय, पंखे गरम हवा फेकताहेत आणि वधस्तंभावरून प्रभूने काढलेल्या सात उद्गारांवर एकेक मनन चाललंय. चौथा उद्गार आला, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हा बायबलमधल्या बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ. म्हणजे वधस्तंभावर प्रभूच्या तोंडी स्तोत्रातला प्रश्नच होता, आणि मी एका पोराला प्रश्न विचारू नकोस म्हणाले होते! पुढच्या वर्षी पाळकसाहेबांना विनंती करून तो उद्गार तरुण संघाच्या मुलांकडे दिला. पाठ केलेलं भाषण नको, तुमचं जे म्हणणं असेल ते बोला, एवढंच सांगितलं. एका मुलीने ८८वं स्तोत्र वाचलं, जे शेवटपर्यंत अंधारातच राहतं. मग म्हणाली, "हेही पवित्र शास्त्रात आहे, म्हणून मला इथे बसावंसं वाटतं." मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायांनी पदर डोळ्यांना लावला होता.

म्हणून ताई, दृढीकरण पुढे ढकललं तरी चालेल. त्या दिवशी तो स्वतःच्या तोंडाने "मी विश्वास धरतो" म्हणणार आहे. ते वाक्य तुमच्या भीतीने वदवून घेऊ नका. पाळकसाहेबांशी बोला, आणि मुलाला त्यांच्याशी एकट्याला बोलू द्या.

आता मित्रांच्या बोलण्याबद्दल. हे लागतं, आणि "दुर्लक्ष कर" म्हणून भागत नाही. "आपण इथले नाही का?" हा प्रश्न त्याच्या मनात घर करतो. त्याला इथली माणसं सांगा. मराठी कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते, तेव्हा एका सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार, म्हणजे बायबलचा येशूविषयीचा भाग, दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं, तरी त्यांनी घाई केली नाही. वाचत राहिले, विचारत राहिले, आणि १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांची अभंगाच्या चालीवरची भजनं आपण आजही टाळ घेऊन गातो. ज्ञानोबा-तुकोबांची मराठी त्यांनी टाकली नाही, उलट तिच्यातच ख्रिस्त गायला. सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये मुलाला एकदा मुद्दाम घेऊन जा. उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) ही प्रॉटेस्टंट चर्चसंस्था, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच स्थापन झाली. पण नुसत्या इतिहासाच्या अभिमानाला विश्वास समजू नका. अभिमानाने मान ताठ होते, गुडघे टेकायला दुसरं काही लागतं.

आणि मित्रांना नावं ठेवून आपला विश्वास शिकवू नका. त्याला दिवाळीच्या फराळाला जाऊ द्या, दीक्षाभूमीला मित्रासोबत जाऊ द्या. नाताळात त्या मित्रांना घरी करंज्या खायला बोलवा. बायबलमधला दानीएल बंदी म्हणून बाबेलला नेला गेला, तोही तिथली भाषा आणि विद्या शिकला, पण त्याची प्रार्थनेची खिडकी यरुशलेमकडेच उघडी राहिली.

घरची प्रार्थना दहाच मिनिटांची ठेवा, पण त्यात वडिलांनीही मोठ्याने प्रार्थना करावी. आईची प्रार्थना मुलं गृहीत धरतात. बाप "प्रभू, आज मी ऑफिसात खोटं बोललो, क्षमा कर" म्हणाला, तर ते विसरत नाहीत. मुलाला मंडळीत खरं कामही द्या, साउंडचं, तबल्याचं, एखाद्या आजारी आजोबांना दर शनिवारी वाचून दाखवायचं. बारावीनंतर पुण्याला जाणार असेल, तर तिथली मंडळी आधीच शोधून ठेवा आणि पहिल्या रविवारी तुम्ही सोबत जा. आपली बरीच मुलं त्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच सुटतात.

तो चौदा वर्षांचा मुलगा आता बंगळुरूला नोकरी करतो. मागच्या नाताळात मी त्याला फोन करून माफी मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मॅडम, तो प्रश्न अजून आहे." मी म्हटलं, "मग आता सांग, मी ऐकते." दीड तास बोलत होतो.

आज रात्री जेवण झाल्यावर तुमच्या मुलाजवळ बसा, आणि क्रूसाचा विषय काढू नका. त्याच्या मित्रांनी नेमकं काय म्हटलं, तेवढंच विचारा.