धुकं होतं की तारा खरंच मंदावला? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमची कलमं देवगडच्या बाजूला सड्यावर आहेत, फवारणीच्या दिवसांत मांगरातच मुक्काम असतो. डिसेंबरात एका रात्री साडेअकराच्या सुमाराला ययाती तारकासमूहातला अल्गोल हा तारा एकदम मलूल दिसला, दुसऱ्या रात्री बघतो तर नेहमीसारखा. भाऊ म्हणतो दव पडत होतं, तुला तसं वाटलं. आणि माझ्याकडे दुर्बीण नाही, जवळ खगोलप्रेमींचं मंडळ नाही, मग असल्या नोंदीचा कुणाला उपयोग?
– एक बागायतदार

उत्तर: दादा, बहुतेक तुम्ही बरोबरच पाहिलंत. दव किंवा धुकं असतं तर शेजारचे तारेही मंदावले असते, एकट्या अल्गोललाच गाठून धुकं येत नाही. तिथे दोन तारे एकमेकांभोवती फिरतायत, दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी त्यातला मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या पुढे येतो आणि प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, 2.1 वरून 3.4 वर जाते (आकडा जितका मोठा तितका तारा मंद), उतरायला साधारण पाच तास, परत चढायला पाच. 1783 मध्ये इंग्लंडमधल्या जॉन गुडरिकने ग्रहणाची ही कल्पना मांडली, तेव्हा तो 18 वर्षांचा होता, त्याला ऐकू येत नव्हतं.

पडताळा घ्यायचा तर सोपंय. साडेअकराला तो सगळ्यात मंद होता असं धरलं तर तीन दिवसांनी रात्री 8 वाजून 19 मिनिटांच्या आसपास पुन्हा तसाच दिसायला हवा. संध्याकाळपासूनच बघायला लागा, दर अर्ध्या तासाने एक नोंद. शेजारच्या देवयानी तारकासमूहातला गॅमा हा तारा 2.1 चा, ययातीतला डेल्टा 3.0 चा, अल्गोल या दोघांच्या बरोबर मधे वाटला तर 2.5 किंवा 2.6 लिहायचं, बास. वेळ आधी माहीत असली तरी आकडा डोळ्यानेच ठरवा, "आता उतरायला हवा" म्हणून उतरवू नका, नोंदीची सगळी किंमत तिथेच आहे. टॉर्चला लाल जिलेटीन लावा आणि मोबाईल खिशात ठेवा, डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात आणि एकदा स्क्रीन बघितली की ती गेलीच.

उपयोगाचं म्हणाल तर रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांच्या नोंदी गोळा करणारी 'आवसो' (AAVSO) ही अमेरिकेतली संस्था 1911 पासून हेच काम करतेय, मेंबर नसलात तरी नोंद घेते. त्यांच्या चार्टवर, म्हणजे ताऱ्यांच्या नकाशावर, ताऱ्याशेजारी 34 दिसलं तर ते 3.4 समजा, टिंब मुद्दाम गाळतात, नाहीतर तेच तारा वाटेल. वेळ जागतिक वेळेत पाठवायची, म्हणून आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे. आता बांगलादेशात असलेल्या जेसोरच्या ट्रेझरीत नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्रांनी या संस्थेला 37 हजारांवर नोंदी पाठवल्या, परीक्षेत पुन्हापुन्हा नापास झालेला माणूस, पण डोळा आणि वही पक्की. माणसांची सोबत हवी असेल तर पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आहे. पण खरं सांगू, तुमच्या सड्यावरचा अंधार शहरातल्या मंडळींना नशिबात नाही, तेव्हा सुरुवात तिथूनच करा.

प्रश्न: वेंगुर्ल्यात जून ते सप्टेंबर आभाळच दिसत नाही. अर्धवट नोंदी चालतात का?
– एक शिक्षिका

उत्तर: चालतात ताई, नोंदी जगभरातून येतात, आपली फट दुसरा कोणी भरतो. तिमिंगल तारकासमूहातला मीरा हा रूपविकारी तारा साधारण 332 दिवसांनी उजळतो, म्हणजे त्याचा उजळायचा काळ दरवर्षी महिनाभर अलीकडे सरकतो, काही वर्षं तो पावसात जाणारच. त्या रात्रीपुढे "ढग" एवढंच लिहा, अंदाजाने आकडा अजिबात टाकू नका. आणि बायनॉक्युलर पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, आमची एक चांगली जोडी लेन्सला बुरशी लागून गेली.