वाचक विचारतात: जीपची बॉडी खरंच 'कंपनीची' आहे का?

प्रश्न: नमस्कार, मी मोहोळ तालुक्यातला. सोलापुरात अक्कलकोट रोडला एका गॅरेजवर जुनी विलीज जीप बघितली, बघितल्या बघितल्या आवडली. आरसी बुकात 1962 साल आहे पण मालक म्हणतो की दुसऱ्या महायुद्धातली मिलिटरीची गाडी, डिस्पोजलला (म्हणजे लष्करानं काढून टाकलेल्या मालाच्या विक्रीत) घेतलेली, बॉडी फुल कंपनीची, एक पत्रा बदललेला नाही. समोरच्या जाळीला नऊ फटी आहेत, बोनेट चांगलं उंच आहे, हिरवा रंग एकदम नवा. पैसे पण तो ओरिजिनलचेच मागतोय. कसं ओळखायचं सांगा की.

उत्तर: भाऊ, तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आलंय. नऊ फटींची जाळी आणि उंच बोनेट ही जोडी कंपनीनं कधी दिलेलीच नाही. युद्धातली विलीज एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू, दोन्हींचं बोनेट बुटकं, जाळीला नऊ फटी (अगदी सुरुवातीच्या एमबीला तर पट्ट्या वेल्ड केलेली जाळी होती) आणि हेडलाइट जाळीच्या मागं, तेही असे की उलटे फिरवले की इंजिनवर उजेड पडतो. युद्धानंतरच्या सिव्हिल जीपांना सात फटी आणि मोठे हेडलाइट. उंच बोनेट आलं 1953 च्या सीजे-थ्रीबीला, कारण तिच्या इंजिनचे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं, मग बोनेटही उचलावं लागलं. हीच थ्रीबी महिंद्रानं आपल्याकडं वर्षानुवर्षं बनवली. म्हणजे तुमची गाडी बहुतेक 1962 चीच थ्रीबी असणार आणि तोंड कुणीतरी मिलिटरी लुकसाठी बनवून बसवलंय. डिस्पोजलच्या गाडीचं बनल्याचं साल आणि पासिंगचं साल वेगळं असू शकतं हे खरं, पण त्यानं बोनेट उंच होत नाही!

आता राहिली बाकीची बॉडी. रंगाकडं बघूच नका, रंग तर गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यालाही दरवर्षी नवा मारतात. गाडी रॅम्पवर घ्या किंवा सरळ खाली पोतं टाकून आडवं व्हा, हातात टॉर्च ठेवा. जिथं दोन पत्रे एकमेकांवर बसलेत त्या कडेला कंपनीच्या बॉडीत स्पॉट वेल्डचे गोल खड्डे दिसतात, शर्टाच्या बटणापेक्षा लहान, एका रांगेत, साधारण सारख्या अंतरावर. आपल्याकडच्या डेंटरनं पत्रा जोडला असेल तर तिथं गॅस किंवा आर्क वेल्डिंगची सलग माळ असते, वरून ग्राइंडर मारून लांबी (म्हणजे पुटी) भरलेली असते, पण खालच्या बाजूनं कोण ग्राइंडर मारत बसतंय, तिथं ती तशीच राहते.

फ्लोअरच्या खाली आडव्या पट्ट्या असतात, टोपीसारख्या घडीच्या. युद्धातल्या जीपांत त्यांच्या आत लाकूड घातलेलं असायचं, ते पाणी धरून ठेवायचं आणि पत्रा आतून कुजायचा. म्हणून एमबी म्हणून दाखवलेल्या गाडीत या पट्ट्या अगदी सरळ, कोऱ्या, एका रंगाच्या दिसल्या तर मालकाला विचारा की काय काय बदललंय.

मग मागचे दोन कोपरे. जाड पुठ्ठा घ्या, डाव्या कोपऱ्याची गोलाई कापून काढा आणि तोच पुठ्ठा उलटा करून उजव्या कोपऱ्याला लावा. प्रेसमधून निघालेला पत्रा असला तर दोन्हीकडं फट सारखी बसते, हातोडीनं वळवलेला असला तर कुठंतरी बोट जाईल एवढी फट पडते आणि आतून हात फिरवला की हातोडीचे पोचे लागतात. एकच बाजू चुकली तर जुना ठोकर असू शकतो, लगेच सौदा मोडू नका. लांबी किती भरलीय ते बघायला साधा लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा, जिथं तो सुटतो तिथं खाली लांबी जाड आहे.

एक अडचण मात्र आहे. फिलिपिन्समध्ये युद्धातल्या जीपचे टब (म्हणजे पत्र्याची मुख्य बॉडी) नव्यानं बनतात, प्रेस केलेले आणि स्पॉट वेल्डवाले. इकडं हरियाणातल्या मंडी डबवालीकडच्या नव्यानं बांधलेल्या जीपाही फेमस आहेत. म्हणून नुसत्या वेल्डवर निकाल देऊ नका, वय शोधा. डॅशच्या आतून, ग्लोव्हबॉक्सच्या मागं, पेडलच्या बाजूला नखानं खरवडा. जुन्या बॉडीत रंगाचे थर सापडतात, हिरव्याखाली खाकी, त्याखाली प्रायमर, पेडलजवळ पत्रा झिजलेला. नवा टब सगळीकडं एकच रंग दाखवतो.

माझं मत विचाराल तर ठिगळं लावलेली पण स्वतःचीच बॉडी असलेली थ्रीबी घ्या, फक्त युद्धातल्या जीपचे पैसे देऊ नका. बनावट तोंड उतरवून सात फटींचं लावणं काही अवघड नाही, थ्रीबीचे पार्ट मिळतात.

प्रश्न: माझ्याकडच्या जीपच्या ग्लोव्हबॉक्सवर विलीजच्या तिन्ही पितळी पाट्या आहेत आणि काही बोल्टांवर 'एफ' आहे. मग ओरिजिनल ना? (बार्शी)

उत्तर: पाट्या नव्या बनवून मिळतात, त्यामुळं त्यांच्यावर काही ठरत नाही. 'एफ' ही फोर्डची खूण, म्हणजे विलीजच्या पाट्या आणि फोर्डचे बोल्ट, दोन गाड्यांचा संसार झालाय! डिस्पोजलच्या काळात हा प्रकार सर्रास चालायचा, त्यात फसवणूक असेलच असं नाही. समोर बंपरच्या मागं चॅसिस बघा, पुढचा आडवा मेंबर गोल पाइपचा असला तर विलीज, उलट्या यू आकाराचा पत्र्याचा असला तर फोर्ड. फोर्डचा नंबर चॅसिसच्या डाव्या दांडीवर वरून ठोकलेला असतो, ग्रीस पुसा, कागद ठेवून पेन्सिल घासा, आणि तो ठसा आरसी बुकाशी जुळवा. विलीजचा नंबर तिथंच आतल्या बाजूला पाटीवर असतो, पाटी गेली असेल तर हा पुरावाही गेला.

प्रश्न: बॉडी बदललेल्या जीपला व्हिंटेजचा 'व्हीए' नंबर मिळतो का? (जुळे सोलापूर)

उत्तर: 2021 च्या नियमात गाडी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी लागते आणि चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. त्यामुळं नवा टब असेल तर अवघडच. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, आणि गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. शेतावर जायला जीप पाहिजे असेल तर या भानगडीत पडू नका, साधं पासिंग चालू ठेवा.