कुठे थांबायचं, ते आधी ठरव

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या स्टोरीबोर्डची, म्हणजे चौकटीचौकटीने मांडलेल्या चित्र-आराखड्याची, पानं नीट पाहिली. हात तयार आहे. पण प्रत्येक चौकटीत काही ना काही धावतंय, उडतंय, आदळतंय, आणि एकाही चौकटीशेजारी सेकंद लिहिलेले नाहीत. तुला जपानी अ‍ॅनिमेशनमध्ये दिग्दर्शन करायचंय, म्हणून आज दिग्दर्शक ओसामू देझाकींबद्दल लिहितो.

१९४३ साली जन्मलेले देझाकी तरुणपणी भाड्याने मिळणाऱ्या पुस्तकांसाठी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढत. १९६३ मध्ये ते मांगाकार ओसामू तेझुकांच्या मुशी प्रॉडक्शन या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत लागले. त्याच वर्षी या स्टुडिओची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही मालिका टीव्हीवर सुरू झाली होती. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा, आणि पैसा तुटपुंजा. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, सरकतात. तिथे एकच चित्र तीन फ्रेम धरून ठेवत, म्हणजे सेकंदाला फार तर आठ चित्रं. कितीतरी वेळा नुसते ओठच हलत. या ओढाताणीतच ते घडले. १९७० मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, मुष्टियोद्ध्याच्या कथेवरची ‘आशिता नो जो’ ही मालिका त्यांच्याकडे आली.

त्यांचं काम बघताना एक गोष्ट हेर. भावना टिपेला पोचते तिथे ते हालचाल थांबवतात. चालतं चित्र गोठतं आणि खडबडीत रेषांचं, रंगांच्या फटकाऱ्यांचं रंगचित्र होतं. हा कष्ट वाचवायचा मार्ग आहे असं समजू नकोस. ते एक चित्र कुणाला तरी वेगळं बसून रंगवावं लागतं. कधी ते एकच हालचाल लागोपाठ तीनदा दाखवतात. मला त्यात तबल्याची तिहाई ऐकू येते: तिसऱ्या वेळी समेवर येताच प्रसंग अंगावर येतो. या दोन्ही गोष्टी स्टोरीबोर्डवरच ठरतात, नंतर सुचून उपयोग नसतो.

कारण जपानी स्टोरीबोर्डचं पान पाहा. बहुधा एकाखाली एक पाच चौकटी, शेजारी काय घडतं ते, मग संवाद आणि शेवटी वेळ: इतके सेकंद, इतक्या फ्रेम. अ‍ॅनिमेटर, पार्श्वभूमी रंगवणारे, कॅमेरावाले, सगळे त्यावरून कामाला लागतात. जादा चित्रं काढून ठेवायला कुणालाच परवडत नाही, म्हणून संकलनाचा मोठा भाग कागदावरच उरकलेला असतो. तू सेकंद लिहिले नाहीस, म्हणजे दिग्दर्शनाचा निम्मा भाग दुसऱ्यावर सोडलास. हे मला खरंच खटकलं.

पहिलं काम तुझ्या मनासारखं मिळेल, असं धरून चालू नकोस. ‘रोझ ऑफ व्हर्साय’ ही ४० भागांची मालिका देझाकींनी १९ व्या भागापासून हाती घेतली. पात्रं ठरलेली, प्रेक्षक ठरलेले. तरी त्यांच्या हाती आल्यावर तिचा सूर गडद झाला. साकी माकुरा या टोपणनावानेही त्यांनी स्टोरीबोर्ड काढले. दुसऱ्याच्या मालिकेतला एखादा भाग मिळाला तर नाक मुरडू नकोस.

आणखी एक. अकिओ सुगिनो हे चित्रकार त्यांच्याबरोबर दशकानुदशकं होते. देझाकींची चौकट सुगिनोंच्या रेषेत पूर्ण होई. असा माणूस आत्तापासून शोध, मग तो कोल्हापुरात भेटो की टोकियोत. जपानमध्ये दिग्दर्शनाकडे बहुधा दोन वाटांनी जातात: अ‍ॅनिमेटर म्हणून, किंवा चित्रं इकडून तिकडे पोचवणारा, वेळापत्रक सांभाळणारा निर्मिती सहायक म्हणून. दोन्हीकडे सुरुवातीला पगार बेताचा, आणि जपानी भाषेला पर्याय नाही. घरी हे आधीच सांगून ठेव.

आता काम. त्यांच्या १९७८ च्या ‘ताकाराजिमा’चा, म्हणजे ‘ट्रेझर आयलंड’चा, एक भाग घे. आवाज बंद कर, स्टॉपवॉच घे आणि प्रत्येक शॉटचे सेकंद वहीत लिही. चित्र कुठे थांबलं, तिथे खूण कर. मग तुझाच प्रसंग निम्म्या चित्रांत पुन्हा काढ, वेळेसकट. झाला की पाठव. यावेळी मी चौकटींआधी सेकंदांचा रकाना वाचणार आहे.

कळावे.