सल्ला तरुण डॉक्टरांना : सही करण्याआधी

प्रश्न : एमबीबीएस झालं, वर्षभराची बंधपत्रित सेवाही झाली. आता नीट-पीजीचा (पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा) अभ्यास करत खासगी रुग्णालयात आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) म्हणून राहायचा विचार आहे. रुग्णालयाने मूळ प्रमाणपत्रं जमा करायला सांगितली आहेत आणि पगाराऐवजी ‘प्रोफेशनल फी’ देऊ म्हणतात. हो म्हणू का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवायची नाहीत. ती दाखवा, स्वतः साक्षांकित केलेल्या झेरॉक्स द्या आणि प्रत्येक प्रतीवर ‘फक्त नोकरीच्या पडताळणीसाठी’ असं तारखेसह आडवं लिहा. पीजी प्रवेशाच्या समुपदेशनात (जागावाटपाच्या फेरीत) जागा मिळाली की महाविद्यालय मूळ कागद मागतं, तेही थोड्याच दिवसांच्या मुदतीत. त्या वेळी ‘नोटीस पिरियड पूर्ण करा, मग देतो’ हे ऐकून घ्यायची वेळ नको. जिथे यावरच अडून बसतात, तिथली नोकरी सोडून द्यावी. आरएमओच्या जागा पुष्कळ असतात.

प्रोफेशनल फी म्हणजे कायद्याच्या नजरेत तुम्ही नोकर नाही. बहुतेक ठिकाणी १० टक्के टीडीएस कापतात. भविष्य निर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही. पैसे बुडतात असं नाही, विवरणपत्र भरलं की जास्तीचा कर परत मिळतो. मात्र कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर खरंच जमा झाली का, हे दर तिमाहीला आयकराच्या पोर्टलवर बघा. वर्षाअखेरी लेखा विभागाच्या मागे धावणं फार कंटाळवाणं असतं.

पैशांपेक्षा महत्त्वाचा प्रश्न मुलाखतीत कुणीच विचारत नाही : रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा? त्या दिवशीच्या ऑन-कॉल कन्सल्टंटचं (फोनवर उपलब्ध असलेल्या तज्ज्ञ डॉक्टरचं) नाव लेखी वेळापत्रकात हवं. तोंडी दिलेला आदेश फाइलमध्ये वेळेसह लिहायचा, खाली ‘डॉ. अमुक यांच्या फोनवरील सूचनेनुसार’ अशी नोंद करायची आणि सकाळच्या राउंडला त्यांची सही घ्यायची. सकाळी ती राहिली तर पुढे कुणाला आठवत नाही आणि तक्रार आली की कागदावर एकच सही सापडते, तुमची. आयसीयू आणि वॉर्ड दोन्ही एकाच आरएमओच्या गळ्यात आहेत का, हेही विचारा. एका टोकाला व्हेंटिलेटर आणि दुसऱ्या टोकाला छातीत दुखणारा नवा रुग्ण, अशी रात्र हुशारीने निभत नाही.

रुग्णालयाच्या विमा पॉलिसीत तुमचं नाव आहे का ते प्रत्यक्ष कागदावर बघा आणि स्वतःची व्यावसायिक उत्तरदायित्व पॉलिसीही (रुग्णाने भरपाई मागितली तर उपयोगी पडणारा विमा) काढा. आपल्याकडच्या या पॉलिसी बहुधा दावा ज्या काळात येतो त्या काळावर चालतात. मध्ये खंड पडला तर मागच्या वर्षांचं संरक्षण जातं, म्हणून नोकरी बदलली तरी नूतनीकरण चुकवू नका. आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची कायम नोंदणी हातात नसेल तर एकही ड्युटी करू नका. तात्पुरती नोंदणी फक्त इंटर्नशिपपुरती असते.

अभ्यासाचं म्हणाल तर परीक्षेची रचनाच सोयीची आहे. २०० प्रश्न, ४० चा एक असे पाच विभाग, प्रत्येकाला ४२ मिनिटं, आणि वेळ संपली की त्या विभागात परत जाता येत नाही. नाइटनंतर झोप झाली की रोज असा एक विभाग घड्याळ लावून सोडवा. बरोबरला चार गुण, चुकीला एक वजा. त्यामुळे चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत उतरवण्याला जास्त वेळ द्या. नाइट संपवून थेट पुस्तक उघडणाऱ्यांचं फक्त समाधान होतं.

प्रश्न : आमच्याकडे मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर सरसकट ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहितात. सीनियरही तेच सांगतात. हे चालतं का?
— एक आरएमओ, नाशिक

उत्तर : चालवलं जातं, पण ते चूक आहे. हृदय आणि श्वास तर प्रत्येकाच्याच मृत्यूत थांबतात, कारण कुठे कळलं? रुग्णालयातल्या मृत्यूसाठी फॉर्म ४ असतो, घरी झालेल्यासाठी ४ए. पहिल्या भागात अ, ब, क अशा ओळी आहेत. वरून खाली जाताना ‘हे कशामुळे?’ असं विचारत जायचं. मधुमेही रुग्ण पायाच्या संसर्गाने गेला असेल तर अ : सेप्टिक शॉक, एक दिवस. ब : पायाचं संसर्गित गँगरीन, दहा दिवस. क : टाइप २ मधुमेह, पंधरा वर्षं. जुना मूत्रपिंडाचा आजार या साखळीत बसत नाही, पण मृत्यूला हातभार लावणारा आहे; तो दुसऱ्या भागात. मूळ कारण सगळ्यात खालच्या ओळीत येतं आणि आकडेवारीत तेच मोजलं जातं. संक्षेप टाळा : ‘एमआय’ वाचून एक जण हृदयविकार समजेल, दुसरा मायट्रल झडपेची गळती. स्त्री रुग्ण असेल तर गर्भारपण-बाळंतपणाचा रकाना रिकामा ठेवू नका.

अपघात, भाजणं, विषबाधा, सर्पदंश, आत्महत्येचा संशय, किंवा मृतावस्थेत आणलेला अनोळखी रुग्ण : इथे हा फॉर्म भरायचा नाही, पोलिसांना लेखी कळवायचं आणि त्या पत्राची पोच फाइलला लावायची. नातेवाईक गयावया करतात, गावातले वजनदार लोक येतात, ‘शवविच्छेदन नको’ म्हणतात. त्यांचं दुःख खरं असतं, तरी निर्णय पोलिसांचा, तुमचा नाही; हे शांतपणे आणि शक्यतो दुसऱ्या सहकाऱ्यासमोर सांगा. दाखल्यासाठी शुल्क घेता येत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणंही बंधनकारक आहे.

प्रश्न : मावसभावाला मागच्या आठवड्याची सिक लीव्ह हवी आहे. घरचे म्हणतात, एवढं काय त्यात?
— एक वाचक, कराड

उत्तर : मागची तारीख टाकू नका. त्याला तपासा आणि आजच्या तारखेने लिहा : ‘अमुक दिवसापासून ताप असल्याचे रुग्ण सांगतो, आज तपासले असता…’ आणि पुढे जे दिसलं तेवढंच. नियमानुसार प्रमाणपत्रांची नोंदवही ठेवावी लागते. तीत ओळखीची एखादी खूण, रुग्णाची सही किंवा अंगठा आणि प्रमाणपत्राची प्रत हवी. प्रमाणपत्रावर तुमचा नोंदणी क्रमांक हवाच. खोट्या प्रमाणपत्रासाठी मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीतून डॉक्टरचं नाव कमी होऊ शकतं. मावशीला एवढंच सांगा, ‘कंपनीकडून पडताळणीचा फोन मला येतो.’ बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो.